द्रुतगती आणि उरक

‘द्रुतगती’ हा शब्द आता आपल्या रोजच्या बोलण्यात रुळला आहे. २००० साली अकराव्या वित्त आयोगाने देशात १,७३४ द्रुतगती न्यायालये सुचविली. २००२ साली मुंबई-पुणे द्रुतगती महामार्ग पुरा झाला. रस्त्यापुरता अर्थ सरळ आहे: वाट लवकर सरते. न्यायाच्या बाबतीत मात्र थोडा विचार करावा, असे आम्हांस वाटते.

हा ‘द्रुत’ आपल्या ओळखीचा आहे तो गाण्याच्या बैठकीतून. विलंबित तीनतालाच्या मात्रा सोळा, द्रुताच्याही सोळाच. दोन मात्रांमधले अंतर तेवढे घटते. मात्रा एकही गळत नाही. गळली, तर सम चुकलीच.

खटल्याचेही तसेच नव्हे काय? दोन तारखांमधले महिने जरूर घटावेत. फिर्यादीने म्हातारपणापर्यंत का थांबावे? पण साक्ष, उलटतपासणी, आरोपीचे म्हणणे, यांतली एकही मात्रा गाळता कामा नये. पिंजऱ्यात उभा असलेला माणूस निरपराध असू शकतो. मात्रा गाळून जे साधते, त्याला द्रुतगती म्हणू नये. त्यासाठी मराठीत जुना शब्द आहे: उरकणे. आणि न्याय हा काही उरकण्याचा विषय नव्हे.