मुंगीचे बळ आणि सुपरमॅनची पहिली कथा



विद्यार्थ्याच्या दप्तरात भूगोलाच्या पुस्तकाआड चित्रकथेची चोपडी सापडली म्हणजे वर्गात पुढे काय घडते, हे कोणास सांगावयास नको. चोपडी टेबलाच्या खणात जाते, मुलगा बाकावर उभा राहतो आणि तास पुढे सुरू होतो. त्या चोपडीत नेमके काय आहे, हे मात्र बहुधा पाहिले जात नाही.

हा प्रश्न आपल्याच शाळांत उद्भवला असे नाही. अमेरिकेत न्यूयॉर्क राज्यातील बिंगहॅम्टन या गावी डिसेंबर १९४८ मध्ये शाळेतील मुलांनी घरोघर फिरून चित्रकथा जमविल्या आणि शाळेच्या आवारात त्यांची होळी केली. पुढे १९५४ साली फ्रेडरिक वर्दॅम या मनोविकारतज्ज्ञाने चित्रकथांमुळे मुले बिघडतात असे प्रतिपादणारा ग्रंथ लिहिला, सिनेटच्या उपसमितीने चौकशी केली आणि प्रकाशकांनी घाबरून स्वतःवर नियमावली लादून घेतली. वर्दॅम यांची कागदपत्रे अभ्यासकांना खुली झाल्यावर कॅरल टिली या ग्रंथालयशास्त्राच्या प्राध्यापिकेने २०१२ साली दाखवून दिले की, मुलांच्या तोंडची म्हणून दिलेली कित्येक विधाने त्यांनी बदललेली होती. मुलांचे म्हणणे मुलांच्याच शब्दांत लिहून घेण्याचा कंटाळा किती दूरवर नेतो, याचा हा नमुना होय. भयानक व बीभत्स चोपड्या त्या काळी निघत नव्हत्या असे मात्र नव्हे. त्या निघत होत्याच.

ज्या चोपडीपासून महाबली नायकांची ही सारी परंपरा सुरू झाली, ती ‘अ‍ॅक्शन कॉमिक्स’ची पहिली प्रत. तिच्यावर जून १९३८ हा महिना छापलेला असून किंमत १० सेंट होती. तिच्यातील सुपरमॅनची कथा अवघ्या १३ पानांची आहे. एका नाश पावणाऱ्या ग्रहावरून शास्त्रज्ञ पिता आपल्या तान्ह्या बाळास यानातून पृथ्वीकडे पाठवितो. ते बाळ अनाथाश्रमात वाढते, मोठे होते आणि आपले बळ दुबळ्यांच्या कामी लावण्याचे ठरविते. एवढे सारे पहिल्या पानावर आटोपते. मग खरी कथा सुरू होते, ती मध्यरात्री.

एका निरपराध स्त्रीस खुनाच्या आरोपावरून विजेच्या खुर्चीत देहान्त शासन व्हावयाचे आहे. घटका भरत आली आहे. खरी अपराधी स्त्री सुपरमॅनने शोधून काढली असून तिचा सहीचा कबुलीजबाब त्याच्यापाशी आहे. तो गव्हर्नरच्या वाड्यावर पोहोचतो. नोकर त्यास आत सोडीत नाही. तो दार मोडतो, शयनगृहाचे पोलादी दारही उखडतो. नोकर गोळी झाडतो, ती अंगावर आपटून परत फिरते. आणि हे सर्व कशासाठी? तो कागद गव्हर्नरच्या हाती पडावा आणि त्याने दूरध्वनी करून शिक्षा थांबवावी, एवढ्यासाठी. तुरुंगाच्या भिंती फोडून त्या बाईस उचलून नेणे या बलाढ्य पुरुषास अशक्य नव्हते. तरीही तो पुराव्याचा कागद घेऊन योग्य अधिकाऱ्याकडे धावतो. चौथीच्या मुलांस ‘त्याने भिंत का फोडली नाही?’ असे विचारून पाहावे. उत्तरे ऐकण्यासारखी येतात. आणि दार मात्र त्याने का मोडले, असा उलट प्रश्न एखादी मुलगी हमखास विचारते. त्याचे उत्तर शिक्षकांनी आधी योजून ठेवलेले बरे.

पुढच्या प्रसंगांतही आकाशातून उतरलेला राक्षस नाही. पत्नीस मारहाण करणारा नवरा आहे, मोटारीतून एका तरुणीस पळवून नेणारे गुंड आहेत, आणि शेवटी वॉशिंग्टनमध्ये एका सिनेटरला गुपचूप भेटणारा मध्यस्थ आहे. तेथे कथा ‘पुढे चालू’ म्हणून तुटते. या नायकाला तेव्हा उडताही येत नव्हते; तो उडी मारी. एक अष्टमांश मैल, म्हणजे नेमकी एक फर्लांग.

ही कथा जेरी सीगल याने लिहिली व जो शुस्टर याने रेखाटली. दोघेही १९१४ साली जन्मलेले, स्थलांतरित ज्यू कुटुंबांतील, आणि क्लीव्हलँड शहरातील एकाच शाळेचे विद्यार्थी. शुस्टरची दृष्टी अधू होती. सीगलचा कापडदुकानदार पिता १९३२ साली दुकानात चोरी होत असता हृदयविकाराने वारला. गोळीस न जुमानणारा पुरुष त्या मुलास का सुचला असेल, याचा ज्याने त्याने विचार करावा. चौबाजूंनी नकार आल्यावर १९३८ साली दोघांनी १३० डॉलर घेऊन आपल्या नायकाचे सर्व हक्क एका सहीनिशी देऊन टाकले. पुढे त्या नायकावर लक्षावधी डॉलर मिळविले गेले. या दोघांना न्यायालयाच्या पायऱ्या चढाव्या लागल्या. १९७५ साली लोकमताच्या दडपणामुळे त्यांना वार्षिक तनखा मिळाला आणि त्यांची नावे पुन्हा छापली जाऊ लागली. कथेत सहीच्या कागदाने एक जीव वाचला. कथा लिहिणाऱ्यांना मात्र सहीचाच कागद नडला. सातवीच्या वर्गात ‘वाचल्याशिवाय सही करू नये’ हे शिकविताना ही हकिकत उपयोगी पडावी.

आता मुंगीकडे वळू. त्या पहिल्याच पानावर नायकाच्या बळाचे ‘शास्त्रीय’ स्पष्टीकरण दिलेले आहे: क्षुद्र मुंगी स्वतःच्या वजनाच्या शेकडोपट ओझे पेलते, टोळ आपल्या मानाने अवाढव्य उडी मारतो, मग माणसात असे बळ का नसावे? स्पष्टीकरण मुलांना पटते, कारण मुंगी त्यांनी पाहिलेली असते. कित्येकदा ते मोठ्यांनाही पटते. ते चुकीचे आहे, आणि ते का चुकीचे आहे हे गॅलिलिओने १६३८ सालीच, म्हणजे या चोपडीच्या बरोबर ३०० वर्षे आधी, हाडांच्या जाडीवरून दाखवून दिले होते. पुढे जे. बी. एस. हाल्डेन यांनी १९२६ साली प्राण्यांच्या योग्य आकारावर एक सुबोध निबंध लिहून हाच मुद्दा मांडला. हेच हाल्डेन १९५७ साली भारतात येऊन राहिले, भारताचे नागरिक झाले आणि १९६४ साली भुवनेश्वर येथे निवर्तले.

मुद्दा असा. स्नायूचे बळ त्याच्या जाडीवर, म्हणजे छेदाच्या क्षेत्रफळावर अवलंबून असते; वजन घनफळावर. मुंगी लांबी, रुंदी व उंची या तिन्ही अंगांनी शंभरपट वाढविली, तर ती साधारण कुत्र्याएवढी होईल. तिचे बळ १०० गुणिले १००, म्हणजे १०,००० पट वाढेल. वजन मात्र १०,००,००० पट. आधी ती स्वतःच्या वजनाच्या पन्नासपट ओझे उचलीत होती असे धरले, तर आता तिला स्वतःच्या वजनाच्या निम्मेच पेलेल. म्हणजे ती ओझे उचलणार नाही, उभीच राहू शकणार नाही. हत्तीचे पाय खांबासारखे का आणि हरणाचे काटकीसारखे का, याचे उत्तर येथेच मिळते.

हे फळ्यावर सांगून उमगत नाही. त्यासाठी प्रत्येक गटास एकसारखे लहान ३६ ठोकळे द्यावेत. एक ठोकळा ठेवून शेजारी त्याच्या दुप्पट बाजूचा घन रचावयास सांगावे: ठोकळे ८ लागतात, पण जमिनीला ४ च टेकतात. मग तिप्पट बाजूचा: २७ लागतात, टेकतात ९. तळच्या प्रत्येक ठोकळ्याच्या डोक्यावर किती भार आला, हे मुले बोट लावून मोजतात. त्यानंतर चित्रकथेचे ते पान वाचून दाखवावे आणि चूक त्यांनाच शोधू द्यावी. लाकडी ठोकळे नसल्यास चिकणमातीचे करावेत. मात्र ते एका साच्यातून काढून दोन दिवस सावलीत वाळवावेत. उन्हात वाळविले तर तडकतात, मापे बदलतात आणि हिशेब जमत नाही.