बॅटच्या जोरावर नोकरी



रमाकांत आचरेकर म्हटलं की आपल्या मालवणात कुणीही पटकन म्हणेल, 'सचिनचे सर!' खरंच आहे ते. पण आज मला बोलायचंय ते सर होण्याआधीच्या, स्वतः खेळणाऱ्या आचरेकरांबद्दल.

जन्म 1932 चा, मालवणातला. पुढे मुंबई, मालवणी घरांचा नेहमीचाच रस्ता. 1945 साली ते न्यू हिंद स्पोर्ट्स क्लबकडून खेळू लागले. नंतर यंग महाराष्ट्र इलेव्हन, गुलमोहर मिल, मुंबई पोर्ट आणि स्टेट बँक. यातली शेवटची तीन नावं बघा. एक गिरणी, एक बंदर, एक बँक. क्रिकेट खेळून पोट भरायचं तर तेव्हा नोकरी हवी, आणि चांगल्या खेळाडूला ती मिळायची बॅटच्या जोरावर. कचेऱ्यांच्या संघांमधली टाइम्स शील्ड स्पर्धा जिंकणं ही त्यांच्या इभ्रतीची गोष्ट होती. अजित वाडेकरसुद्धा स्टेट बँकेतलेच.

खेळातून पोट भरण्याचं हे काम अमेरिकेत त्याच्या कितीतरी आधी जरा चोरून चाललं होतं. तिथल्या फुटबॉलमधले खेळाडू स्वतःला हौशी म्हणवत. 12 नोव्हेंबर 1892 रोजी पिट्सबर्गमध्ये पज हेफेलफिंगर नावाच्या धिप्पाड गड्याने प्रतिस्पर्ध्याच्या हातून निसटलेला चेंडू उचलला आणि थेट गोलरेषेपार पळत सुटला. सामन्यात गुण झाले ते तेवढेच, चार. या एका सामन्याचे त्याला 500 डॉलर मिळाले होते. त्याला खेळवणाऱ्या क्लबच्या जमाखर्चाच्या वहीत ती रक्कम पुढे सापडली, म्हणून आज त्याला पहिला व्यावसायिक फुटबॉलपटू मानतात. मला विचाराल तर आपली रीत बरी. रोख कमी, पण गुडघा गेला तरी महिन्याचा पगार चालू!

आचरेकरांच्या नावावर प्रथम श्रेणीचा सामना मात्र एकच. 1963-64 चा हंगाम, मोईन-उद-दौला स्पर्धा, स्टेट बँकेचा संघ, समोर हैदराबाद. तिशी तेव्हा उलटली होती.

पुढचं तुम्हाला ठाऊक आहे. शिवाजी पार्कवर कामत मेमोरियल क्लबच्या नेटमध्ये सर स्टंपवर रुपयाचं नाणं ठेवायचे. सचिनला बाद करील त्याचा रुपया. कुणालाच जमलं नाही तर सचिनचा. अशी 13 नाणी सचिनने जपून ठेवलीत. स्वतः बँकेच्या पगारावर खेळलेल्या माणसाने शिष्याला रोखीचा मोबदला दाखवला तो असा!

आता टेनिस बॉलच्या स्पर्धांतही खेळाडूंचा उघड लिलाव होतो, कुणाला त्याचं नवल वाटत नाही. पण गिरणी, गोदी, बँकेकडून खेळलेली माणसं अजून आपल्या वाड्यांतून आहेत. तुमच्या शेजारी असं कुणी असेल, तर त्यांना नोकरी कशी मिळाली, सामन्याला रजा कोण द्यायचं, हे विचारा आणि वहीत उतरवून ठेवा. जुनी कात्रणं असतील तर तीही सांभाळा.