थोरल्या बहिणीची २३ वर्षं



ग्रामपंचायतीची निवडणूक लागली की पारावर एक प्रश्न हमखास ऐकू येतो. अर्ज बाईचा असतो, पण विचारणारा विचारतो, "ही कोणाची कोण?" मग कोणीतरी सांगतं, अमक्याची मंडळी, तमक्याची बहीण. एवढं कळलं की विचारणाऱ्याचं समाधान होतं. बाईला काय येतं, तिने काय केलंय, हे विचारायचं राहूनच जातं.

आज अशाच एका बहिणीची गोष्ट सांगते. घराणं मूळचं गोव्याचं, पण निवडणूक लढवली ती इंग्लंडात. तिचं नाव व्हॅलरी वाझ. तिचा धाकटा भाऊ कीथ वाझ. भावाचं नाव पेपरात बऱ्याचदा यायचं, म्हणून काहींना ते आठवत असेल. बहिणीचं नाव आपल्याकडे फारसं कोणाला माहीत नाही.

गोव्याची माणसं पोटासाठी फार लांब लांब गेली. कोणी मुंबईला, कोणी आफ्रिकेत, कोणी एडनला. एडन म्हणजे अरबस्तानच्या टोकाचं बंदर. तेव्हा ते इंग्रजांच्या ताब्यात होतं. तिथे १९५४ साली व्हॅलरीबाई जन्मल्या आणि १९५६ साली कीथ. १९६५ साली कुटुंब इंग्लंडला गेलं आणि लंडनजवळ ट्विकनहॅम नावाच्या गावात राहिलं. मुलं शाळेत असतानाच वडील गेले. आई मर्लिन शाळेत शिकवायच्या आणि उरलेल्या वेळात दुकानात काम करायच्या. दोन-दोन नोकऱ्या करून त्यांनी लेकरं शिकवली. व्हॅलरी आणि कीथ दोघंही वकील झाले.

आता तुम्ही म्हणाल, परक्या मुलखातल्या माणसाला तिथे उभं राहू देतात का? इंग्लंडचा कायदा याबाबतीत आपल्यापेक्षा वेगळा आहे. पूर्वी इंग्रजांच्या राज्यात असलेले आपल्यासारखे बरेच देश आज राष्ट्रकुलात आहेत. या देशांचे नागरिक रीतसर तिथे राहत असतील, तर त्यांना मतही देता येतं आणि निवडणुकीलाही उभं राहता येतं. आपले दादाभाई नौरोजी तर १८९२ सालीच लंडनमधून निवडून आले होते, तेही अगदी हाताच्या बोटांवर मोजण्याइतक्या मतांनी. पण शापुरजी सकलातवाला १९२९ साली हरले आणि त्यानंतर कितीतरी वर्षं तिथल्या लोकसभेत आपल्याकडचा माणूस दिसला नाही.

मग आलं १९८७ साल. त्या निवडणुकीत वाझांच्या घरातून एकाच पक्षाचे, मजूर पक्षाचे, दोन उमेदवार उभे होते. थोरली बहीण ट्विकनहॅममधून, धाकटा भाऊ लेस्टर पूर्वमधून. कीथ दोन हजारांहून कमी मताधिक्याने निवडून आले आणि मोठी बातमी झाली. अठ्ठावन्न वर्षांनी आशियाई माणूस त्या सभागृहात गेला होता. व्हॅलरीबाई तिसऱ्या क्रमांकावर राहिल्या. त्यांची बातमी कोण करणार?

इथे जरा थांबते. भाऊ हुशार आणि बहीण कमी, असा याचा अर्थ लावू नका. मतदारसंघ कोणता मिळाला ते बघा. लेस्टरमध्ये गुजराती, पंजाबी लोकांची मोठी वस्ती. युगांडातून हाकललेली कितीतरी कुटुंबं तिथे येऊन राहिली होती. कीथ तिथल्या गोरगरिबांना कायद्याची मदत देणाऱ्या केंद्रात काम करायचे, लोक त्यांना ओळखायचे. ट्विकनहॅम हा खातापिता, गोऱ्यांचा भाग. विरोधी हुजूर पक्ष तिथे वर्षानुवर्षं सलग निवडून येत होता. व्हॅलरीबाई त्याच गावात लहानाच्या मोठ्या झाल्या होत्या, पण पक्षाला तिथे मुळात मतंच नव्हती. आपल्याकडे वेगळं काय होतं? जिथे पडायचं नक्की असतं, त्या वॉर्डात बाईला उभं करतात आणि पडली की म्हणतात, बायकांना मतं मिळत नाहीत.

त्या वर्षी ६५० खासदारांत ४१ बायका निवडून आल्या. त्यात आशियाई बाई एकही नव्हती. तिथे आपल्यासारख्या राखीव जागा नाहीत. आपल्याकडे ग्रामपंचायतीत निम्म्या जागा बायकांच्या आहेत, त्या कायद्याने मिळाल्यात, कोणी उपकार म्हणून दिलेल्या नाहीत.

पुढची वर्षं व्हॅलरीबाईंनी काय केलं? लंडनमधल्या ईलिंग भागाच्या नगर परिषदेत त्या नगरसेविका होत्या, उपनेत्याही झाल्या. स्वतःची वकिली चालवली, पुढे सरकारच्या कायदा खात्यात नोकरी केली. तिकडे भाऊ १९९९ साली मंत्री झाला, नंतर गृहखात्यावर देखरेख करणाऱ्या संसदीय समितीचा जवळजवळ दहा वर्षं अध्यक्ष राहिला. आणि आई? मर्लिनबाई लेकाच्या पाठोपाठ लेस्टरला गेल्या आणि तिथे स्वतःच निवडणूक लढवून नगरसेविका झाल्या. लेकाच्या प्रचाराला गेलेली आई स्वतः उभी राहते, हे मला फार आवडलं. लेस्टरमधल्या एका आरोग्य केंद्राला आज त्यांचं नाव आहे.

२०१० साली व्हॅलरीबाई पुन्हा उभ्या राहिल्या. या वेळी वॉल्सॉल दक्षिण. वॉल्सॉल म्हणजे बर्मिंगहॅमजवळचं जुनं कारखानदारीचं गाव, घोड्यांचे खोगीर आणि चामड्याच्या कामासाठी नावाजलेलं. तिथले खासदार १९७४ पासून एकच होते, ते निवृत्त झाले होते. मतदान तिकडे अजूनही कागदावर होतं, पेन्सिलीने फुली मारायची. मोजणी झाली तेव्हा व्हॅलरीबाई १,७५५ मतांनी निवडून आल्या होत्या. वय पंचावन्न, पहिल्या पराभवाला २३ वर्षं झालेली. त्या सभागृहात आशियाई घरातल्या बायका पहिल्यांदा गेल्या त्या याच निवडणुकीत. म्हणजे १९८७ साली त्या जिंकल्या असत्या, तर पहिल्या त्याच ठरल्या असत्या.

लग्नानंतरही त्यांनी माहेरचंच आडनाव ठेवलं. त्यामुळे फायदाही झाला असेल आणि 'कीथची बहीण' हे बिरूदही चिकटलं असेल. पण नुसत्या आडनावावर मतं मिळत नाहीत. अमेरिकेचे तेव्हाचे राष्ट्राध्यक्ष बराक ओबामा यांचे सावत्र भाऊ मलिक ओबामा २०१३ साली केनियात सियाया जिल्ह्याच्या गव्हर्नरपदासाठी उभे राहिले. भाऊ जगातला सगळ्यात ताकदवान माणूस, आणि मलिक यांना तीन हजारही मतं पडली नाहीत.

खासदार झाल्यावर मतदारसंघात लोकांची गाऱ्हाणी ऐकायला बसावं लागतं. त्या बैठकीला तिकडे 'सर्जरी' म्हणतात, पण त्यात कापाकापी काही नसते. घराचं काम, दवाखान्याची तक्रार, सरकारी कागद, सगळं तिथे येतं. २०१६ ते २०२१ पर्यंत व्हॅलरीबाई विरोधी पक्षाच्या पहिल्या फळीत होत्या. पुढच्या आठवड्यात सभागृहात काय काम होणार, हे दर गुरुवारी उभं राहून सरकारला विचारायचं काम त्यांच्याकडे होतं.

त्याच काळात, २०१९ च्या ऑक्टोबरमध्ये, कीथ यांच्यावर सभागृहाच्या शिस्त समितीने ठपका ठेवला आणि सभागृहाने त्यांना सहा महिन्यांसाठी निलंबित केलं. डिसेंबरच्या निवडणुकीला ते उभे राहिले नाहीत. त्याच निवडणुकीत मतपत्रिकेवर वाझ हेच आडनाव घेऊन व्हॅलरीबाई वॉल्सॉलमध्ये उभ्या होत्या. मजूर पक्षाचं त्या वर्षी पानिपत झालं, वर्षानुवर्षांच्या हक्काच्या जागा गेल्या. व्हॅलरीबाईंची जागा राहिली. भावाचा हिशोब लोकांनी बहिणीच्या खात्यावर मांडला नाही. नऊ वर्षं वॉल्सॉलच्या लोकांची गाऱ्हाणी त्यांनी स्वतः ऐकली होती, आणि ती भावाच्या नावावर नव्हती.

पुढे मतदारसंघाच्या हद्दी बदलल्या. जुलै २०२४ मध्ये, वयाच्या एकोणसत्तराव्या वर्षी, त्या वॉल्सॉल अँड ब्लॉक्सविच या नव्या मतदारसंघातून उभ्या राहिल्या आणि परत निवडून आल्या.

तुमच्या गटातली कोणी या वेळी उभी राहणार असेल, तर एक करा. पारावर कोणी विचारलं, ही कोणाची कोण, तर नवऱ्याच्या किंवा भावाच्या नावाआधी तिचं काम सांगा. बचत गटाचे हिशोब किती वर्षं सांभाळले, रेशनच्या कार्डासाठी तहसीलला किती खेटे घातले, ते सांगा. आणि वॉर्ड कोणता देताहेत, ते अर्ज भरायच्या आधी नीट बघून घ्या.

अर्जाला कोणती कागदपत्रं लागतात, ते पुढच्या वेळी बोलू.