आधीं कोट कीं आधीं विद्या?

१९९१ सालीं ‘सिव्हिलायझेशन’ नांवाचा संगणकावरील खेळ निघाला. पुढें अनेक खेळाडू त्यांत एकाच वेळीं आपापलें राज्य वसवूं लागले. आरंभींच प्रश्न पडतो: हातचें बळ तटबंदीस लावावें कीं विद्येस? केवळ विद्येमागें लागणाऱ्याचें नगर शेजारी लुटतो. केवळ तट बांधणारा मागें पडतो.

अहिल्यानगर जिल्ह्यांतील हिवरे बाजारपुढें हा प्रश्न खराखुरा उभा होता. पाऊस थोडा, विहिरी कोरड्या, माणसें पोटासाठीं परगांवीं. १९८९ सालीं पोपटराव पवार सरपंच झाले. पुढील वर्षांत गांवानें तट उभारला तो स्वतःच्याच हांवेविरुद्ध. भूगर्भांतील पाणी सर्वांचें एकच. एकाची कूपनलिका दुसऱ्याची विहीर आटविते. म्हणून कुऱ्हाडबंदी, चराईबंदी, शेतीसाठीं कूपनलिकेस मनाई. श्रमदानानें डोंगरउतारावर चर खणले, पाणी जिरविलें. त्याच्या जोडीस विद्या आली: पाऊस मोजावयाचा, पाण्याचा ताळेबंद मांडावयाचा आणि मगच पीक ठरवावयाचें. पाणी पिणारा ऊंस वर्ज्य झाला.

खेळांत हरलेला डाव पुन्हा मांडतां येतो. आटलेल्या गांवास ती सवड नसते. यास्तव आधीं राखण, मग मोजदाद आणि त्यानंतरच विस्तार, हा क्रम ध्यानीं ठेवावा.