जिंकणाऱ्याची धार का बोथटते?



कामगारांच्या सभांत आयुष्य घालविलेला मनुष्य खेळावर काय बोलणार, अशी शंका आपणांपैकी कित्येकांना आली असेल. परंतु सतत जिंकणारा संघ एकाएकी हरू का लागतो, हा प्रश्न जितका खेळाचा तितकाच कामाचाही आहे.

१९५८-५९ पासून १९७२-७३ पर्यंत रणजी करंडक सलग १५ हंगाम मुंबईकडे होता. हा पराक्रम केवळ अकरा माणसांचा नव्हता. भर पावसात कांगा लीगचे सामने होत. टाइम्स शील्डसाठी कचेऱ्या आणि गिरण्या आपापले संघ उभे करीत, खेळाडूंना नोकऱ्या देत. महिन्याच्या पगाराची विवंचना नसली, की सरावात मन लागते. मुंबईची धार तेथे लागत होती. १९७४ साली कर्नाटकाने उपांत्य सामन्यात मुंबईला अडविले. करंडक पुढल्याच हंगामात परत आला खरा. पण इतरही शिकत आहेत, हे उघड झाले. पुढे गिरण्या बंद पडत गेल्या, तसे त्यांचे संघही गेले.

मोटारशर्यतींत हेच अधिक लवकर घडते. इटलीच्या फेरारी संघाने २००४ साली १८ पैकी १५ शर्यती जिंकल्या. पुढल्या वर्षी नियम आला, की सारी शर्यत टायरच्या एकाच संचावर पुरी करावयाची. चालक तोच शूमाकर, कारखानाही तोच. तरी वर्षभरात एकच शर्यत हाती लागली, आणि तिच्यात अवघ्या सहा मोटारी धावल्या होत्या! जुन्या नियमाला जी घडण बिनचूक बसली होती, तीच नव्या नियमात अडचण झाली.

दुसरे कारण असे, की विद्या एका घरात कोंडून राहत नाही. मुंबईला करंडक जिंकून देणारे वासिम जाफर आणि चंद्रकांत पंडित पुढे विदर्भाकडे आले. एक खेळाडू म्हणून, दुसरे प्रशिक्षक म्हणून. कोळसा खाणीतील कामगाराचा मुलगा उमेश यादव आपल्याकडे होताच. २०१७-१८ मध्ये विदर्भाने पहिला करंडक जिंकला, लागोपाठ दुसरा जिंकला. २०२४-२५ मध्ये तर नागपुरात उपांत्य फेरीत मुंबईलाच हरवून पुढे तिसरा मिळविला.

आता जिंकणारे आपण आहोत, म्हणून सावध राहावयाचे तेही आपणच. जिनिंगमधल्या यंत्राचा आवाज बदलला, की तो प्रथम तेलवाल्याला कळतो. मालक खुशीत असला, म्हणजे त्याचे कोणी ऐकत नाही. यशाच्या काळात संघाचेही असेच होते. वणीच्या खाणकामगाराच्या किंवा पुसदच्या शेतमजुराच्या पोराला नागपूरच्या मैदानापर्यंत जाण्याचे एसटीचे भाडे परवडते का, हे विचारणारे कोणी उरले नाही, तर करंडक कपाटात असतानाच धार गेलेली असेल. हरण्याची वाट न पाहता हा प्रश्न आजच विचारावा, एवढीच विनंती करून मी आपली रजा घेतो.