आखाड्याची विद्या आणि आखाड्याची रीत

श्रावण लागला, नागपंचमी जवळ आली, कीं वाशीम, कारंजा, रिसोड, मंगरूळपीर या बाजूला मारुतीच्या देवळालगतच्या आखाड्यांना जाग येते. कोपऱ्यांत पडलेल्या कुदळी बाहेर निघतात, हौद्याची माती उकरली जाते, आणि पहांटे शड्डूचा आवाज ऐकूं येऊं लागतो. शहरांतील सुशिक्षित कुटुंबास हें दृश्य अपरिचित नसतें. परंतु घरांतील मुलास तेथें पाठवावें काय, असा प्रश्न निघाला म्हणजे एकमत होत नाहीं. आईला हातपाय मोडण्याची धास्ती वाटते. बंदुकीच्या काळांत लाठी आणि पट्टा यांचा उपयोग तो काय, असें वडील विचारतात. आणि आजोबांना संगतीची काळजी असते.

या तिन्ही शंका रास्त आहेत, आणि त्यांचें उत्तर बहुतांशी एकाच ठिकाणीं सांपडतें. सलामी देणें, माती कपाळीं लावणें, वस्तादाची आज्ञा होतांच हात सोडणें, पडलेल्यास उठविणें, या गोष्टी अनेकांना जुन्या काळची शोभा वाटतात. ज्या विद्येंत एका माणसास दुसऱ्याची मान, पाठ आणि सांधे यांवर हात टाकावयास शिकवितात, ती विद्या अशा नियमांवांचून शिकवितांच येत नाहीं. रीत सुटली कीं शिक्षण थांबतें आणि मागें मारामारी तेवढी उरते.

ही विद्या फार जुनी आहे. चालुक्य राजा सोमेश्वर तिसरा याच्या नांवावर असलेल्या १२ व्या शतकांतील ‘मानसोल्लास’ या संस्कृत ग्रंथांत मल्लविद्येवर स्वतंत्र प्रकरण असून मल्लांची प्रतवारी, त्यांचा आहार आणि त्यांची मेहनत यांचा विचार त्यांत केलेला आहे. उत्तर पेशवाईंत दुसऱ्या बाजीरावाच्या पदरीं असलेल्या बाळंभट दादा देवधर यांनीं मल्लखांबास नवें जीवन दिलें. वऱ्हाडांत या परंपरेस संस्थेचें रूप आलें तें अमरावतीस. अनंत कृष्ण वैद्य आणि अंबादास कृष्ण वैद्य या बंधूंनीं १९१४ सालीं तेथें श्री हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाची स्थापना केली. वाशीम त्या काळीं अकोला जिल्ह्यांत मोडत असे; तो स्वतंत्र जिल्हा झाला १ जुलै १९९८ रोजीं. कारंज्यावरून अमरावतीस जाणारा रस्ता मात्र पूर्वींपासूनचाच, आणि वऱ्हाडांतील व्यायामप्रेमी तरुणांची दृष्टि त्या दिशेस लागलेली असे. १९३६ सालीं बर्लिन येथें ऑलिंपिक सामने भरले, तेव्हां याच मंडळाच्या पथकानें तेथें जाऊन हुतूतू, मल्लखांब इत्यादि देशी खेळांचीं प्रात्यक्षिकें करून दाखविलीं. गांवच्या हौद्याशेजारीं वाढलेली कला परदेशी प्रेक्षकांपुढें उभी राहिली, ही वऱ्हाडास भूषणावह गोष्ट होय.

आतां आईच्या शंकेकडे वळावें. चांगल्या आखाड्यांत नवा मुलगा पहिल्या दिवशीं कुस्ती खेळत नाहीं. त्याच्या हातीं प्रथम कुदळ येते. वऱ्हाडची काळी जमीन कपाशीला पोसते. परंतु ती भिजली म्हणजे चिकटते, आणि वाळली म्हणजे कठीण होऊन तिला भेगा पडतात. हौद्यास तांबडी, चाळलेली, भुसभुशीत माती लागते. तींत तेल, ताक, हळद, लिंबाचा रस मुरवितात आणि ती वरचेवर खणतात. या खणण्यानें मुलाचे खांदे व कंबर तयार होतात, हा एक लाभ. दुसरा लाभ याहून मोठा आहे. मातींत खडा राहिला तर तो कोणाच्या तरी पाठींत रुतेल, हें त्याला निराळें सांगावें लागत नाहीं. उद्यां त्याचीच पाठ तेथें टेकावयाची असते. दुसऱ्याच्या अंगाची काळजी वाहण्याचा पहिला धडा तो असा न बोलतां शिकतो.

त्यानंतर जोर आणि बैठका, त्यानंतर पडण्याचा अभ्यास, आणि मग डाव, असा क्रम असतो. जपानांत जिगोरो कानो यांनीं १८८२ सालीं टोकियो येथें कोदोकान ही शाळा स्थापून जूदोचें शिक्षण सुरू केलें. तेथेंही विद्यार्थी आधीं पडावयास शिकतो. आणि पकड असह्य झाली म्हणजे त्यानें थाप मारतांच जोडीदारानें ती तत्काळ सोडावी, असा कडक नियम आहे. दोन देश इतके दूर असूनही दोघांना एकच गोष्ट उमगली: ज्याला निर्धास्तपणें पडतां येत नाहीं, तो भीतीनें अंग ताठ करतो, आणि ताठलेलें अंगच मोडतें. म्हणून जेथें पहिल्याच आठवड्यांत मुलास थोराशीं झुंजवितात, किंवा कोवळ्या वयांत जड जोडी फिरवावयास लावतात, तेथें आईची भीति खरी समजावी आणि मुलास परत आणावें.

वडिलांची शंका उपयोगाविषयीं आहे. ताकद असली कीं कुस्ती झाली, ही समजूत प्रथम दूर केली पाहिजे. धोबीपछाड हा डाव सर्वांच्या परिचयाचा आहे. प्रतिस्पर्ध्याचा हात खांद्यावर ओढून घेऊन त्याला पाठीवरून पुढें आपटावयाचें, धोबी कपडा आपटतो तसें. हा डाव केवळ दंडाच्या जोरावर केला तर फसतो. समोरच्याचा भार पुढच्या पावलावर आलेला असेल त्याच क्षणीं खालीं शिरून कंबर आंत घातली, तर हलका गडीही जड गड्यास उचलतो. तो क्षण चुकला आणि समोरच्यानें बूड खालीं दाबून मागून कंबरेस मिठी मारली, कीं डाव करणाराच अडकतो. डावास तोड आणि त्या तोडीस पुन्हां तोड, अशी ही सांखळी आहे. खडाखडीच्या वेळीं दोघे नुसते हात घासत आहेत असें नवख्यास वाटतें. परंतु त्या वेळीं प्रत्येक जण दुसऱ्याच्या पायांतला भार वाचीत असतो.

शस्त्रविद्येचेंही असेंच आहे. मराठ्यांचा पट्टा हातांत धरला म्हणजे मनगट आणि पुढचा हात लोखंडी खोबणींत जातो. मनगट वळविण्यास वावच राहत नाहीं. म्हणून वार खांद्यापासून आणि त्याहीपेक्षां पावलांपासून काढावा लागतो. कोल्हापूरकडील मर्दानी खेळांत पवित्र्यांस एवढें महत्त्व आहे तें यामुळें. शिकणारानें एकदम धारेचें शस्त्र हातीं घेऊं नये, यासाठीं पूर्वजांनीं फरीगदगा योजिला. चामड्यानें मढविलेली काठी म्हणजे गदगा, आणि लहान ढाल म्हणजे फरी. तींत वार खराच बसतो, पण जखम होत नाहीं. मल्लखांब हाही एक प्रकारें शिकवणारा जोडीदारच आहे. तो लाकडी असल्यामुळें फसत नाहीं, रागावत नाहीं. शरीराचा तोल तिळमात्र चुकला तर एरंडेल लावलेल्या त्या खांबावरून मुलगा सरळ खालीं घसरतो.

या सर्वांचा आज रणांगणावर उपयोग नाहीं, हें उघड आहे. परंतु अंगावर कोणी चालून आला असतां डोळे न मिटतां, तोल न जाऊं देतां, हवें तेवढेंच बळ वापरणें, ही संवय कोणत्याही काळीं जुनी होत नाहीं. खाशाबा जाधव मातींत शिकलेले. १९४८ सालीं लंडन येथें त्यांना गादीवर आणि परक्या नियमांनीं लढावें लागलें, तरी ते सहावे आले. त्यानंतर गादीचे डावपेंच त्यांनीं आत्मसात केले, आणि १९५२ सालीं हेलसिंकी येथें कांस्यपदक मिळविलें. स्वतंत्र भारतास वैयक्तिक खेळांत मिळालेलें तें पहिलें ऑलिंपिक पदक होय. ज्याचा पाया पक्का असतो त्याला नवें शिकण्यास अडचण पडत नाहीं.

येथें आणखी एक प्रश्न सुशिक्षितांकडून नेहमीं विचारला जातो: ही विद्या पुस्तकावरून शिकतां येईल काय? बडोद्याचे दत्तात्रय चिंतामण मुजुमदार यांनीं संपादिलेला ‘व्यायाम ज्ञानकोश’ दहा खंडांत प्रसिद्ध झाला असून एरवीं वस्तादांबरोबर लोप पावलें असतें असें कितीतरी ज्ञान त्यामुळें टिकलें. हे उपकार मोठे आहेत. परंतु चित्रांत डावाचा आरंभ दिसतो, शेवट दिसतो. मधला दाब दिसत नाहीं. किती दाबावें आणि कोठें थांबावें, हें जोडीदाराच्या श्वासावरून कळतें. आजकालच्या चलच्चित्रांनाही ही मर्यादा चुकलेली नाहीं. माहिती पुस्तकांत राहते; मोजमाप माणसांत राहतें.

याच मोजमापास आखाड्यांत रीत असें नांव आहे. हौद्यांत पाऊल टाकण्यापूर्वीं माती कपाळीं लावावयाची. येथें उतरणारा प्रत्येक जण कधी तरी याच मातींत पडलेला आहे, याची ती आठवण. जोड लावतांना वडीलधारे दोघांचें वय, वजन, तयारी पाहतात. तरुणांच्या ईर्षेवर तें सोपवीत नाहींत. सलामी झाल्याशिवाय हात चालवावयाचा नाहीं. कारण समोरचा तयार नसतांना केलेला डाव हा डाव नसून दगा होय. पहिलवान एकमेकांच्या अंगावर माती टाकतात, तेणेंकरून घामेजलेल्या अंगावर पकड बसते. म्हणजे प्रतिस्पर्ध्याला स्वतःचें अंग धरूं देणें हाही सौजन्याचाच भाग आहे. अंगास तेल चोपडून उतरणारा म्हणूनच निंद्य ठरतो. मुरलेला गडी नवशिक्याशीं खेळतांना पूर्ण बळ लावीत नाहीं. त्याला डाव पुरा करूं देतो, आणि मग तोड दाखवितो. उलट पैशासाठीं आधींच ठरवून केलेली नुरा कुस्ती कितीही देखणी झाली, तरी आखाडा ती क्षमा करीत नाहीं. शस्त्राच्या बाबतींतही तसेंच: तें ओलांडूं नये, थट्टेंत कोणावर रोखूं नये, आणि जोडीदाराची नजर लागल्याशिवाय फिरवूं नये. यांतील एकही नियम असा नाहीं, कीं जो मोडला असतां कोणाला इजा होण्याचा किंवा वैर वाढण्याचा संभव नाहीं.

आजोबांची शंका संगतीची. आखाड्यांत गुंड निपजतात हा आक्षेप जुना आहे आणि सर्वस्वी निराधारही नाहीं. विद्या शिकविली आणि रीत शिकविली नाहीं, तर दुसरें काय व्हावयाचें? परंतु याच भूमींत दुसरें उदाहरणही घडलें आहे. बडोद्यास जुम्मादादा या मुसलमान उस्तादांनीं माणिकराव या हिंदु शिष्यास आपली विद्या दिली. पुढें प्रोफेसर माणिकराव म्हणून प्रसिद्धीस आलेल्या या शिष्यानें गुरूच्याच नांवानें व्यायाममंदिर चालविलें, सांघिक कवाइतीसाठीं देशी शब्दांतले हुकूम रूढ केले, आणि निखळलेलीं हाडें बसविण्यांतही नांव मिळविलें. मोडण्याची कला जाणणारानें जोडण्याची कलाही जाणावी, हा जुन्या वस्तादांचा दंडक होता. अशा गुरूपाशीं जात आणि धर्म हौद्याच्या कांठावर राहतात, कारण मातींत उतरल्यावर दोघांच्याही अंगावर एकच रंग चढतो.

मुलींचा प्रश्न मात्र जुन्या रीतीनें नीट सोडविला नव्हता, हें प्रांजळपणें मान्य केलें पाहिजे. कित्येक आखाड्यांचा उंबरठा त्यांना बंद होता. येथें रीत बदलली, आणि ती बदलल्यानें विद्येचें कांहीं बिघडलें नाहीं. दोरीच्या मल्लखांबावर मुलींनीं मिळविलेलें प्रावीण्य सर्वांच्या डोळ्यांसमोर आहे. फेब्रुवारी २०१९ मध्यें मुंबईस मल्लखांबाची पहिली जागतिक स्पर्धा भरली, तींत परदेशांतील खेळाडूंनींही भाग घेतला. रीत म्हणजे रूढि नव्हे, हा विवेक येथें उपयोगीं पडतो. ज्या नियमानें कोणाचें तरी अंग सुरक्षित राहतें तो राखावा. ज्यानें केवळ कोणाला तरी बाहेर ठेवलें जातें तो सोडावा.

तेव्हां वाशिमास असो कीं पुण्यामुंबईस, मुलास किंवा मुलीस आखाड्यांत घालण्यापूर्वीं पालकांनीं एक दोन सकाळीं तेथें जाऊन स्वस्थ बसावें. भिंतीवरील ढाली आणि बक्षिसें मोजण्यांत वेळ घालवूं नये. माती कोण खणतो, तें पाहावें. वस्तादानें थांब म्हणतांच हात थांबतात काय, तें पाहावें. थोर गडी लहानाशीं कसा खेळतो, आणि चीत झालेल्या मुलाला कोण हात देऊन उठवितो, तें पाहावें. एवढें समाधानकारक दिसलें, तर पोराला दुसऱ्या दिवशीं लंगोट देऊन खुशाल पाठवावें. आणि पहिला महिना तो नुसती कुदळ चालवून घरीं आला, तर तक्रार करूं नये.