लक्ष नाही, की लक्ष अडकलंय?

आजच्या भागाचा विषय एका वाक्यातून सुचला. दहावी-बारावीच्या मुलांच्या घरी हे वाक्य हमखास ऐकू येतं: "पुस्तक समोर असतं हो, पण लक्षच नसतं."

मला आज या 'लक्ष नसतं'बद्दल बोलायचंय. कारण नैराश्य आलेल्या मुलाचं लक्ष नसतं असं नाही. ते असतं, पण दुसरीकडे कुठेतरी अडकलेलं असतं. बाहेरून दोन्ही सारखंच दिसतं, उपाय मात्र अगदी वेगळे आहेत.

आधी एक साधी गोष्ट. एकाग्रता न होणं हे नैराश्याच्या अधिकृत लक्षणांपैकी एक आहे. उदास वाटणं, कशात रस न वाटणं, झोप आणि भूक बिघडणं यांच्या बरोबरीने ते यादीत असतं. किशोरवयात आणखी एक गोंधळ होतो. या वयात उदासी रडण्यातून दिसेलच असं नाही, ती चिडचिडीतून दिसू शकते. म्हणजे दार आपटणारा, अभ्यासाला बसलं की शून्यात बघणारा मुलगा आपल्याला 'आगाऊ' आणि 'आळशी' वाटतो. आपण क्लास बदलतो, मोबाइल काढून घेतो आणि मूळ दुखणं तसंच राहतं.

मग हे लक्ष अडकतं कुठे? मानसशास्त्रज्ञांनी ते मोजायचा प्रयत्न केलाय. कॉलिन मॅक्लाउड, अँड्र्यू मॅथ्यूज आणि फिलिप टाटा यांनी १९८६ मध्ये चिंताग्रस्त लोकांसाठी एक प्रयोग मांडला. त्यांनी शब्द वापरले होते, पुढे चेहरे आले. पडद्यावर दोन चेहरे दिसतात, समजा एक दुःखी आणि एक साधा. क्षणात दोन्ही गायब होतात आणि त्यांतल्या एकाच्या जागी ठिपका येतो. ठिपका दिसला की बटण दाबायचं, एवढंच काम. तुमचं लक्ष आधीच दुःखी चेहऱ्याकडे असेल, तर त्या जागचा ठिपका तुम्हाला लवकर सापडतो. फरक मिलिसेकंदांचा असतो, पण मोजता येतो.

युटा यॉरमान आणि इयन गॉटलिब यांच्या गटाने २००७ मध्ये हाच प्रयोग मुलींवर केला. मुली ९ ते १४ वर्षांच्या. काहींच्या आईला पूर्वी नैराश्य येऊन गेलेलं, पण मुलींना स्वतःला कधीच नाही. सगळ्यांना आधी थोडं उदास केलं आणि मग चेहरे दाखवले. ज्यांच्या आईला नैराश्य येऊन गेलं होतं, त्या मुलींचं लक्ष दुःखी चेहऱ्यांकडे वळत होतं. इतर मुलींचं लक्ष आनंदी चेहऱ्यांकडे जात होतं. म्हणजे मन उदास झालं की त्यातून वर यायला त्या इतर मुली आपसूक काहीतरी बरं शोधत होत्या. पहिल्या गटात ती सोय दिसत नव्हती, आणि तीही आजार येण्याआधीच.

नजर कुठे फिरते हे टिपणाऱ्या यंत्रांनी पुढे आणखी एक गोष्ट दाखवली. नैराश्यातल्या माणसाची नजर दुःखी चित्राकडे फार झटकन जाते असं नाही. पण एकदा गेली की ती तिथे जास्त वेळ रेंगाळते. काटेरी झुडपात ओढणी अडकावी तसं. जाणं सगळ्यांचंच होतं, निघणं अवघड होतं.

आता एक सावधगिरी. ठिपक्याचा प्रयोग गटांमधला फरक सांगायला ठीक आहे, पण एकाच माणसाला दोनदा बसवलं तर उत्तर बदलतं. त्यामुळे 'तुमच्या मुलाचं नैराश्य पाच मिनिटांत ओळखा' असं कुठलं ॲप सांगत असेल, तर त्याच्या नादी लागू नका.

चेहरे प्रयोगशाळेतले झाले. खऱ्या आयुष्यात लक्ष अडकतं ते आतल्या गोष्टींत. आपल्याकडे त्याला नेमका शब्द आहे, रवंथ. गाय एकदा खाल्लेलं पुन्हापुन्हा चघळते, तसं मन एकच प्रसंग चघळत राहतं. तिने मेसेज बघितला, उत्तर का नाही दिलं? सर सगळ्यांसमोर असं का बोलले? माझ्याच बाबतीत असं का होतं?

सुझन नोलेन-होक्सिमा यांनी या रवंथाचा आयुष्यभर अभ्यास केला. १९८९ च्या ऑक्टोबरमध्ये कॅलिफोर्नियात मोठा भूकंप झाला. योगायोग असा, की त्याच्या दोनच आठवडे आधी त्यांनी स्टॅनफर्डच्या विद्यार्थ्यांकडून प्रश्नावल्या भरून घेतल्या होत्या. भूकंपानंतर त्यांनी त्याच विद्यार्थ्यांना पुन्हा गाठलं. ज्यांना आधीपासूनच रवंथ करायची सवय होती, त्यांच्यात नंतर नैराश्याची लक्षणं जास्त दिसली.

आणि हे रवंथ दोघांत मिळूनही होतं बरं का. अमांडा रोझ यांनी २००२ मध्ये शाळकरी मुलामुलींच्या मैत्रीबद्दल लिहिलं. एकाच अडचणीवर तासन्‌तास बोलणाऱ्या मैत्रिणी एकमेकींच्या जास्त जवळ असतात, पण त्यांच्यात उदासीही जास्त आढळते. म्हणून 'बोलून मोकळी हो' हा सल्ला अर्धाच आहे. बोलणं पुढे सरकतंय की गोल फिरतंय, हे बघायला हवं.

मग करायचं काय? 'त्याचा विचारच करू नकोस' हे चालत नाही. विचार दाबला की तो दुप्पट जोराने वर येतो. सगळ्या वर्गाला एकदम ध्यान शिकवणं हाही रामबाण नाही. ब्रिटनमध्ये ८,००० हून अधिक शाळकरी मुलांवर हे करून पाहिलं. २०२२ मध्ये निकाल आले, आणि नेहमीच्या शिकवण्यापेक्षा जास्त फायदा दिसला नाही.

उपयोगी पडतात त्या दोन साध्या गोष्टी. पहिली, प्रश्न बदलणं. एडवर्ड वॉटकिन्स यांची उपचारपद्धत रवंथावरच काम करते. तिचा गाभा असा, की 'का'कडून 'कसं'कडे यायचं. 'माझ्याच बाबतीत का?' याला उत्तर नसतं. 'नेमकं काय झालं, कुठे झालं, आता पहिलं पाऊल कोणतं?' याला असतं. घरीसुद्धा "तू असा का वागतोस?" ऐवजी "आज कुठल्या तासाला जास्त जड वाटलं?" असं विचारून बघा.

दुसरी गोष्ट म्हणजे हातांना काम. बरं वाटलं की करू, असं म्हणत थांबायचं नाही. आधी करायचं, बरं वाटणं मागून येतं. सायकलवर एक चक्कर, कणीक मळणं, धाकट्या भावाला गणित समजावणं, काहीही चालेल. लक्षाला तिथून ओढून काढता येत नाही, पण त्याला बसायला दुसरी जागा देता येते.

आणि एक गोष्ट घरच्या उपायांच्या पलीकडची. उदासी किंवा चिडचिड जवळजवळ रोज, दोन आठवड्यांहून जास्त टिकली, मित्र आणि खेळ सुटले, तर मानसोपचारतज्ज्ञांकडे जा. मुलाच्या तोंडी मरणाची भाषा आली तर दोन आठवडे वाट बघू नका. त्याच दिवशी जा, त्याला एकटं सोडू नका. सरकारची टेली-मानस ही मोफत सेवा चोवीस तास चालू असते आणि मराठीतही बोलता येतं. नंबर आहे १४४१६. मुलं स्वतःसुद्धा फोन करू शकतात.

हा भाग एखादा किशोरवयीन मुलगा किंवा मुलगी ऐकत असेल, तर तुझ्यासाठी एवढंच. तू आळशी नाहीस. तुझं मन खूप कष्ट करतंय, फक्त एकाच जागी. ते कुणाला तरी सांग.

पुढच्या भागात झोपेबद्दल बोलू. काळजी घ्या.